बिनचुलीचे घर

आमच्या आईचे आणि प्रायमसचे रोज पहाटे पाच वाजता भांडण होई. कधी पिन सापडत नसे, पिन सापडली तर स्पिरिट संपलेले असे, आणि दोन्ही हाताशी असली तर नेमका वॉशर सुकलेला असे. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. खोली म्हणजे सोळा फूट बाय दहा फूट. तिच्यातच मोरी, तिच्यातच देव आणि तिच्यातच आम्ही सातजण. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. मजल्यावर एकूण वीस. वीस खोल्यांत वीस स्टो. पहाटे पॅसेजमधून चालत गेले की वीस सुरांतली ती घरघर ऐकू येई आणि रॉकेलच्या वासात वीस घरांच्या फोडण्यांचे वास मिसळत.

आई कधी वैतागली की म्हणायची, “वीस घरांत वीस वरणे शिजताहेत. अख्ख्या मजल्याचा मिळून एकच टोप चढवला तर काय बिघडेल?”

समोरच्या काकू दारातूनच विचारीत, “आणि वरणात गूळ घालायचा की नाही, ते कोण ठरवणार?”

दोघी हसत आणि आपापल्या स्टोला पंप मारायला आत जात. हा संवाद मी लहानपणी इतक्यांदा ऐकला होता की, तो पुढे कधी आठवेल असे मला वाटले नव्हते. तो आठवला २०२३ सालच्या सप्टेंबरात, आणि तोही मॉस्कोत.

माझी एक भाची तिकडे वैद्यकीचे शिक्षण घेते. “मावशी, तू निवृत्त झालीस, आता तरी ये,” असा तिचा दोन वर्षे लकडा होता. गेले. क्रेमलिन पाहिले, भुयारी रेल्वेची ती राजवाड्यासारखी स्टेशने पाहिली. मग एके दिवशी ती म्हणाली, “आज तुला एक चाळ दाखवते.” मला वाटले, थट्टा करते आहे.

नोविन्स्की बुलेवार या रुंद रस्त्यावर अमेरिकेच्या वकिलातीच्या शेजारी, रस्त्यापासून जरा आत, झाडांच्या मागे ती इमारत उभी आहे. लांबट, पांढरी, सहा मजली, काळ्या खांबांवर अधांतरी उचललेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खिडक्यांच्या आडव्या पट्ट्या, त्याही सरकत्या. नक्षी नाही, महिरप नाही, कळस नाही. जुन्या आगबोटीचे चित्र आठवावे असे तिचे रूप. तिला ‘नारकोमफिन’ म्हणतात. नाव मोठे भारदस्त वाटते, पण त्याचा अर्थ एवढाच, की हे अर्थखात्याच्या नोकरांसाठी बांधलेले घर. आपल्याकडे ‘पोस्टाची कॉलनी’ म्हणतात तसेच. बांधकाम १९२८ साली सुरू झाले आणि १९३० साली पुरे झाले. सुमारे दोनशे माणसांनी इथे राहावे असा बेत होता. पण नुसते राहावे असा नव्हे. त्यांनी एकत्र जेवावे, एकत्र वाचावे, एकत्र व्यायाम करावा, आणि घरातली चूल हळूहळू विझवून टाकावी, असा तो बेत होता. आमच्या आईने चिडून म्हटलेले वाक्य तिकडे विद्वान मंडळींनी अगदी गंभीरपणे मनावर घेतले होते!

हे घर समजायचे तर त्याच्या आधीची मॉस्को डोळ्यांपुढे आणायला हवी. १९१७ च्या क्रांतीनंतर श्रीमंतांचे मोठमोठे वाडे आणि ऐसपैस बिऱ्हाडे सरकारने ताब्यात घेतली आणि खेड्यांतून, कारखान्यांतून येणाऱ्या माणसांना वाटून दिली. वाटणी खोलीगणिक झाली. ज्या बिऱ्हाडात पूर्वी एखादा वकील नोकरचाकरांसह राही, तिथे आता पाच-सहा कुटुंबे आली. दिवाणखान्यात एक, जेवणघरात दुसरे, झोपायच्या खोलीत तिसरे. स्वयंपाकघर, संडास आणि नळ मात्र सगळ्यांत एकच. अशा बिऱ्हाडाला ‘कोम्मुनाल्का’ म्हणत. दारावर घंटा एकच. एकदा वाजली तर अमक्यांकडे पाहुणे, तीनदा वाजली तर तमक्यांकडे. स्वयंपाकघरात प्रत्येक कुटुंबाचे स्वतंत्र टेबल आणि त्यावर स्वतंत्र प्रायमस!

आम्हांला इमारत दाखवायला आलेल्या बाई साठीच्या होत्या. त्या रशियनमध्ये सांगत आणि भाची मराठी करी. त्यांचे स्वतःचे बालपण अशाच सामाईक बिऱ्हाडात गेलेले. त्यांच्या वेळेपर्यंत गॅसची शेगडी आली होती, पण आजीच्या तोंडून ऐकलेल्या प्रायमसच्या कथा त्यांना पाठ होत्या. कुणाचे रॉकेल कुणी चोरले, कुणाच्या रश्शात कुणी मीठ जास्त टाकले. मी भाचीला म्हटले, “त्यांना सांग, आमच्या चाळीत स्टो निदान ज्याच्या त्याच्या खोलीत होता.” बाईंनी ते ऐकले, क्षणभर विचार केला आणि मान डोलावून म्हणाल्या, “मग तुम्ही सुखी होतात.” मला उत्तर सुचले नाही.

तर एका बाजूला ही सक्तीची दाटी, आणि दुसऱ्या बाजूला एक मोठे स्वप्न. लेनिनने १९१९ सालीच लिहिले होते की, कायद्याने स्त्रीला कितीही हक्क दिले तरी जोवर ती चूल आणि मूल यांच्या किरकोळ, कंटाळवाण्या कामांत अडकलेली आहे, तोवर ती घरगुती गुलामच राहणार. सार्वजनिक खाणावळी आणि पाळणाघरे हा त्यावरचा उपाय म्हणून त्याने सांगितला. अलेक्सांद्रा कोलोन्ताय ही त्या सरकारातली एक तेजस्वी बाई. तिचे म्हणणे तर याहून पुढचे होते. धर्मपीठ राज्यापासून वेगळे केले, तितकेच महत्त्वाचे म्हणजे स्वयंपाकघर लग्नापासून वेगळे करणे, असे ती मांडीत असे. आपल्याकडे आजही कुणी असे म्हटले तर चार घरांत वाद होतील. तिथे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी सरकारी पातळीवर बोलली जात होती.

हे स्वप्न विटा-काँक्रीटात उतरवण्याचे काम मोइसेई गिन्झबुर्ग याच्या वाट्याला आले. १८९२ साली मिन्स्कमध्ये जन्मलेला, इटलीत मिलानला शिकून आलेला हा वास्तुशास्त्रज्ञ. नव्या युगाला नवे घर हवे, हे त्याने १९२४ च्या आपल्या ‘शैली आणि युग’ या पुस्तकात हिरिरीने मांडले होते. १९२८ साली सरकारच्या बांधकाम समितीने त्याच्या हाताखाली तरुण मंडळींचा एक गट बसवला. कमी खर्चात, कमी जागेत माणसासारखे राहता येईल असे घर काढून दाखवा, असे त्यांना सांगितले. या मंडळींनी काय करावे? त्यांनी बाईच्या पावलांचा नकाशा काढला. जुन्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात ती टेबलापासून चुलीपर्यंत, चुलीपासून नळापर्यंत, नळापासून कपाटापर्यंत कशी हेलपाटे घालते, त्याच्या रेघा कागदावर ओढल्या. मग कपाट, ओटा, नळ अशा क्रमाने लावले की रेघा आखूड होतील. बाईंनी ते चित्र आम्हांला दाखवले. जुन्या स्वयंपाकघराच्या चित्रात रेघांचा गुंता झालेला होता. लोकरीचा गुंडा मांजराने विस्कटावा तसा. माझ्या आईच्या पन्नास वर्षांच्या रेघा कुणी काढल्या असत्या तर केवढा कागद लागला असता, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

गिन्झबुर्गला हे घर बांधायला दिले ते निकोलाय मिल्यूतिन या अर्थखात्याच्या मंत्र्याने. तो स्वतः नगररचनेचा शौकीन. गिन्झबुर्गच्या जोडीला इग्नाती मिलिनिस हा तरुण सहकारी होता. दोघांनी मिळून चार भागांचा आराखडा केला. पहिला भाग राहण्याच्या लांब इमारतीचा. दुसरा, तिला पुलासारख्या बंद वाटेने जोडलेला काचेच्या भिंतीचा चौकोनी भाग, ज्यात स्वयंपाकघर, खाणावळ, वाचनालय आणि व्यायामशाळा. तिसरे, अंगणातले यांत्रिक धुलाईघर. चौथे पाळणाघर. यांतले पाळणाघर कधी बांधलेच गेले नाही. मुलांची सोय पुढे काही काळ त्या काचेच्या भागातच करण्यात आली.

आता खरी गंमत पुढे आहे. त्याच काळात मॉस्कोत याहून कडक विचारांची मंडळी होती. इवान निकोलायेव याने दोन हजार विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह बांधले, त्यात झोपायला फक्त जेमतेम पलंगापुरत्या कोठड्या होत्या. अभ्यास, कपडे, जेवण सगळे दुसरीकडे, सगळ्यांनी मिळून. कुझमिन नावाच्या एकाने तर खाणकामगारांच्या सामूहिक जीवनाचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक आखले होते. उठणे, व्यायाम, अंघोळ, न्याहारी, साऱ्यांचे घड्याळ एकच. गिन्झबुर्गला हे मान्य नव्हते. एकत्र राहण्याची गोडी माणसाला लावता येते, पण हुकूम सोडून लादता येत नाही, अशी त्याची धारणा होती. म्हणून नारकोमफिनला त्याने ‘संक्रमणकाळातले घर’ म्हटले. ज्या कुटुंबांना जुन्या रीतीनेच राहायचे आहे त्यांच्यासाठी मोठी, स्वतःचे छोटे स्वयंपाकघर असलेली बिऱ्हाडे. त्यांना ‘क’ म्हणत, म्हणजे रशियनमधले ‘का’ हे अक्षर. ज्यांना नव्या रीतीला लागायचे आहे त्यांच्यासाठी ‘फ’ बिऱ्हाडे. त्यांत स्वयंपाकघर नाही. कपाटाएवढी एक जागा, तीत नळ, लहानशी शेगडी आणि दोन फळ्या. खाणावळीची सवय लागली की, हे कपाट उचलून बाहेर काढायचे. सवय लागलीच नाही तर राहू द्यायचे. वरणात गूळ घालायचा की नाही, ते ज्याचे त्याने ठरवायचे!

आत शिरलो तेव्हा प्रथम माझे लक्ष पॅसेजकडे गेले. लांबच लांब पॅसेज आणि बाजूने ओळीने दारे. क्षणभर नायगावच आठवले. पण आमचा पॅसेज दिवसाढवळ्या अंधारा; इथे एक अख्खी बाजू खिडक्यांची, आणि बाहेर सप्टेंबरातली पिवळी पडू लागलेली झाडे. शेजाऱ्यांनी भेटावे, थांबावे, बोलावे म्हणून तो मुद्दाम रुंद ठेवलेला. आमच्या चाळीत मजल्याला एक पॅसेज. इथे सहा मजल्यांना मिळून असे दोनच. मग बाकीच्या मजल्यांवर माणसे जातात कशी? त्याची युक्ती मोठी नामी आहे. दार उघडले की समोर खोली नाही, जिना. एका दाराआडचा जिना वर चढतो, शेजारच्या दाराआडचा खाली उतरतो. वरचे बिऱ्हाड पॅसेजच्या डोक्यावरून आणि खालचे त्याच्या पोटाखालून पलीकडे जाते. त्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडाला दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा. झोपायची जागा पूर्वेला, म्हणजे सकाळच्या उन्हाने जाग यावी. बसायची खोली पश्चिमेला, म्हणजे कामावरून परत आल्यावर मावळतीचे ऊन मिळावे.

बाईंच्या ओळखीने आम्हांला एक ‘फ’ बिऱ्हाड आतून पाहायला मिळाले. सगळे मिळून सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. आमच्या खोलीच्या बरोबर दुप्पट. पण दुप्पट वाटत नाही, चौपट वाटते. कारण बसायच्या खोलीचे छत साडेतीन मीटरांच्या वर चढवले आहे आणि निजायच्या, नहायच्या जागेचे हाताला लागेल इतके खाली आणले आहे. ठेंगण्या दारातून उंच खोलीत पाऊल टाकले की, देवळाच्या गाभाऱ्यातून सभामंडपात आल्यासारखे वाटते. भिंतींचे रंगही विचारपूर्वक ठरवलेले. जर्मनीतल्या बाउहाउस या नामांकित कलाशाळेतला हिन्नर्क शेपर याने इथली रंगयोजना केली होती. कुठे उबदार फिकट पिवळा, कुठे थंड निळसर.

आणि कोपऱ्यात ते कपाट. मी त्याच्यासमोर उभी राहिले. दोन हात पसरले तर दोन्ही कडा हाती येतील एवढेच ते. इथे एखाद्या बाईने चहा करावा, मुलाचे दूध तापवावे, आणि बाकी सगळे त्या पुलापलीकडे सोपवून सकाळी आठ वाजता पुरुषासारखेच कोट चढवून कचेरीला जावे. जे घर बाईला सांगते की, “तुझी इथे गरज नाही, तू जा,” असे घर मी प्रथमच पाहत होते. या कपाटापुढे आईला उभे केले असते तर ती काय म्हणाली असती? आनंदली असती की रागावली असती? मला अजून ठरवता आलेले नाही.

मग खाणावळ चालली का? हा प्रश्न मी विचारलाच. बाई हसल्या. काही वर्षे चालली, म्हणाल्या. पण अशी, की माणसे पुलावरून जात, डबे भरून घेत आणि आपापल्या बिऱ्हाडात येऊन जेवत. एकाच पंगतीला बसण्याचा कंटाळा त्यांना फार लवकर आला. स्वयंपाक मात्र दुसऱ्याने केलेला चालत होता! मुंबईत डबेवाल्यांच्या भरवशावर जगणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

पण या घराचा प्रयोग डब्यांमुळे फसला असे म्हणणे गिन्झबुर्गवर अन्याय करण्यासारखे आहे. घराला रंग लागत होता तोवर वरचे वारे फिरले होते. मे १९३० मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून, एका उडीत सामूहिक जीवनात शिरू पाहणाऱ्यांना अव्यवहारी आणि उतावळे ठरवले. पैसा आणि माणसे कारखान्यांकडे वळली. थोड्याच वर्षांत या साध्या, बिननक्षीच्या बांधणीलाही उतरती कळा लागली. स्तालिनला खांब, कमानी आणि शिखरे हवी होती. नारकोमफिनच्या जवळच कुद्रिन्स्काया चौकात उभे असलेले गगनचुंबी घर पाहिले की, तो बदल एका नजरेत कळतो. आगबोटीच्या शेजारी लग्नातला केक ठेवावा तसे ते दिसते.

आणि याहून काळी छाया पुढे आली. या घरात मोठमोठी माणसे राहायला आली होती. सोव्हिएत सरकारचा पहिला आरोग्यमंत्री निकोलाय सेमाश्को इथला रहिवासी. १९१७ मध्ये हिवाळी राजवाडा घेणाऱ्यांचा पुढारी अन्तोनोव-ओवसेयेन्को हाही इथलाच. त्याला १९३७ साली पकडले आणि १९३८ साली गोळी घातली. त्या दोन वर्षांत रात्री जिन्यावर पावले वाजली की सगळे घर जागे होत असे, असे बाईंनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. शेजाऱ्यांनी थांबून बोलावे म्हणून बांधलेल्या त्या उजेडाच्या पॅसेजमध्ये माणसे एकमेकांशी बोलायला भिऊ लागली. मी त्या पॅसेजमध्ये उभी होते, खिडकीतून ऊन येत होते, आणि भाचीने हे वाक्य मराठीत केल्यावर आम्ही तिघीही थोडा वेळ गप्प राहिलो.

मिल्यूतिनने स्वतःसाठी गच्चीवर एक बिऱ्हाड बांधून घेतले होते. मूळ आराखड्यात ती जागा हवा खेळवण्याच्या यंत्रांची होती. सगळ्यांनी समान राहायच्या घरात सर्वांच्या डोक्यावर एक वेगळे घर! तो १९४२ साली गेला, गिन्झबुर्ग १९४६ साली. युद्धानंतर घरांची टंचाई इतकी वाढली की, खांबांमधली मोकळी जागा भिंती घालून भरून काढली आणि तिथेही माणसे राहू लागली. ‘फ’ बिऱ्हाडांत एकाऐवजी अनेक कुटुंबे शिरली. ज्या कोम्मुनाल्कापासून सुटका म्हणून हे घर बांधले, तेच घर शेवटी कोम्मुनाल्का झाले. चूल विझवायला निघालेल्या घरात जागोजाग शेगड्या पेटल्या.

कल्पना मात्र मेली नाही. ती परदेशी गेली. ल कोर्बुझिए हा फ्रान्समधला जगप्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञ १९२८ नंतर कामानिमित्त मॉस्कोला आला होता, गिन्झबुर्गशी त्याचा परिचय होता आणि या घरांचे नकाशे त्याने पाहिले होते. पुढे १९५२ साली मार्सेय शहरात त्याची खांबांवर उभी असलेली प्रचंड इमारत पुरी झाली. तिच्या पोटातही असेच रस्त्यासारखे पॅसेज आहेत आणि बिऱ्हाडे पॅसेजच्या वरून-खालून पलीकडे जातात. हाच ल कोर्बुझिए आपल्या चंडीगडचा रचनाकार. तेव्हा आपले धागे कुठून कुठे जुळतात पाहा!

इकडे मूळ घर मात्र ढासळत होते. गिलावा पडला, खिडक्या कुजल्या, गच्चीवर झाडे उगवली. जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ते २००२, २००४ आणि २००६ अशा तीन वेळा आले. गिन्झबुर्गचा मुलगा आणि मग नातू अलेक्सेई, दोघेही वास्तुशास्त्रज्ञ, या घरासाठी वर्षानुवर्षे खटपट करीत राहिले. अखेर २०१७ मध्ये काम सुरू झाले. नातवाने आजोबांचे नकाशे हाताशी धरून नंतर घातलेल्या भिंती काढल्या, खांब मोकळे केले, खिडक्या पुन्हा सरकत्या केल्या. २०२० साली घर पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले. आजोबांचे काम नातवाने पुरे करावे, हे आपल्या मनाला भावणारे आहे.

पण बिऱ्हाडे विकली गेली ती पैसेवाल्यांना. सामान्य कारकुनाने, त्याच्या बायकोने कमी जागेत सुखाने राहावे म्हणून इंच इंच मोजून काढलेले ते ३० मीटर आता हौशी श्रीमंतांना अप्रूपाचे वाटतात. मी बाईंना विचारले, “इथले लोक आता एकमेकांना ओळखतात का?” त्यांनी खांदे उडवले. “भेटले तर नमस्कार करतात,” म्हणाल्या.

परतताना भुयारी रेल्वेत भाचीने विचारले, “मावशी, मग तुमची चाळ बरी की हे?”

प्रश्न साधा नाही. नारकोमफिन उभे राहिले त्याच दशकाच्या आरंभी आमच्या चाळीही बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तिथे कुणी बाईच्या पावलांच्या रेघा काढल्या नाहीत. गिरणीला माणसे हवीत, त्यांना छप्पर हवे, एवढाच हिशेब. मजल्याचे संडास सामाईक ठेवले ते एकोपा वाढावा म्हणून नव्हे, खर्च वाचावा म्हणून. त्या दाटीचे गोडवे गाणे मला कधी पटले नाही. पहाटे बादली घेऊन रांगेत उभे राहिलेल्या बाईला विचारा, ती सांगेल. पण दिवाळीच्या आधीचे चार दिवस आठवा. त्या दिवसांत आमच्या मजल्यावर वीस स्टो वीस खोल्यांत राहत नसत. पाच-सहा पॅसेजमध्ये येत. एका स्टोवर चकल्या, दुसऱ्यावर करंज्या, तिसऱ्यावर शेव. भाजणी आमच्याकडची, सोऱ्या समोरच्या काकूंचा, तळणारा हात तिसरीचा. कुणी ठराव केला नव्हता, कुणी नकाशा काढला नव्हता. पाचव्या दिवशी स्टो पुन्हा आपापल्या खोलीत जात आणि गुळाचे वरण गुळाचे, बिनगुळाचे बिनगुळाचे शिजू लागे.

भाचीला मी एवढेच म्हटले, “अगं, आम्हांला पॅसेज मिळाला होता, पण ते कपाट मिळाले नाही. त्यांना कपाट मिळाले, पण पॅसेजमध्ये निर्धास्त उभे राहायला मिळाले नाही. दोन्ही एकाच घरात कुठे मिळतील, ते तुम्ही मुलींनी बघा.”

२०२५ सालच्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या पहिल्या काही शे कुटुंबांना नव्या उंच इमारतींत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात स्वतःचा संडास, स्वतःचा ओटा. फार चांगले झाले. आईच्या पिढीला ते मिळायला हवे होते. माझी एक मैत्रीण तिथे राहायला गेली. तिला मी फोनवर विचारले, “फराळ कुठे करणार यंदा?”

ती म्हणाली, “ओट्यावरच. पण लिफ्टसमोर थोडी जागा आहे बघ. शेजारणीला विचारून ठेवलंय, सोऱ्या आहे का म्हणून.”